बाटलीवरचं नाव

मंजुळाबाईंनी फ्रीजमधली बाटली काढली आणि पडवीत उजेडाला धरून निरखून पाहिली. खाली निळसर, पाण्यासारखं पातळ दूध आणि वर बोटभर पिवळट थर. त्यांनी झाकण काढून वास घेतला. वास दुधाचा नव्हताच, साबणाच्या पाण्यासारखा काहीतरी होता. एक थेंब त्यांनी अंगठ्याच्या नखावर घेतला. पूर्वी घरी दोन म्हशी होत्या, डेअरीला दूध जायचं, तेव्हा त्या अशाच पाहायच्या. चांगलं दूध नखावर थबकतं. हा थेंब सरळ घरंगळून गेला.

"हे बाईचं दूध नोय," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

पाळण्यात साडेचार महिन्यांची अनुपमा पाय झाडत होती. तिची आई प्रतीक्षा, म्हणजे मंजुळाबाईंची सून, बाळंतपणाची रजा संपवून चार दिवसांपूर्वी कामावर परत गेली होती. धामणगाव बढ्याहून मोताळ्याकडे जाताना रस्त्याला बियाण्याची एक कंपनी आहे, तिथल्या प्रयोगशाळेत ती काम करायची. ओल्या कागदावर बी मांडायचं आणि शंभरातलं किती उगवलं ते मोजायचं. लग्नाआधीपासूनची नोकरी, आणि पोरगी कामाला चोख. मंजुळाबाईंची त्याबद्दल तक्रार नव्हती. नात सांभाळायला त्या आनंदाने तयार होत्या. पण अंगावर पिणाऱ्या लेकराला दिवसभर पाजायचं काय, या प्रश्नावर प्रतीक्षाने जे सांगितलं, ते त्यांना पहिल्या दिवसापासून पटलं नव्हतं.

"कंपनीनं एक खोली दिली आहे, आई. दिवसातून दोनदा तिथं बसून दूध काढायचं, बाटलीत भरायचं, तिथल्या फ्रीजमध्ये ठेवायचं. संध्याकाळी मी घेऊन येईन. दुसऱ्या दिवशी तुम्ही वाटीतल्या गरम पाण्यात बाटली धरून पाजा."

"आतून कडी हाये का?"

"आहे."

"काढाले मशीन कोनाचं?"

"कंपनीचं. पण दुधाला लागतात ते भाग ज्याचे त्याचे वेगळे. उकळून ठेवतो आम्ही."

"आन् तेवढा येळ तुहं काम कोन करते?"

"कोणीच नाही. थांबतं."

"तुह्यासाठी कंपनीचं काम थांबते?" मंजुळाबाईंनी सुनेच्या तोंडाकडे पाहिलं. ती थट्टा करत नव्हती. म्हणजे पोरीला कोणीतरी फसवत होतं.

मंजुळाबाईंना फसवणुकीचा वास लवकर यायचा, आणि त्याला कारण होतं. तीन वर्षांपूर्वी भेंडीचं बी आणलं होतं. चकचकीत पाकीट, त्यावर हिरवागार फोटो, खाली नंबर, तारीख, शिक्का, सगळं जागच्या जागी. अर्धा एकर लावलं आणि वावरात दहा-बारा रोपं उभी राहिली. तेव्हापासून छापील चिठ्ठी दिसली की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. आणि या दुधाच्या बाटलीवर नेमकी तशीच चिठ्ठी होती. प्रतीक्षाचं नाव, वार, वेळ. बियाण्याच्या नमुन्यांना ज्या यंत्रातून चिठ्ठ्या लागतात, त्याच यंत्रातून काढलेली.

बाईच्या दुधाला चिठ्ठी कशाला लागते? ज्याच्यात खोट असते त्यालाच वरून सजवावं लागतं, असा त्यांचा हिशेब.

समोरच्या तानाबाईंनी या शंकेला आणखी फुंकर घातली. दिवसभर मोबाईल पाहणाऱ्या तानाबाई पडवीत टेकल्या आणि बाटली हातात घेऊन म्हणाल्या, "मंजुळे, शयरात बायांचं दूध जमा करतेत. मी सोता पाह्यलं. मोठमोठाले फ्रीज असतेत. तुह्या सुनेचं खरं दूध तिकडं जात अशीन आन् तुले हे पावडरचं धाडत असतीन."

"बोलू नोको काही बी," मंजुळाबाई म्हणाल्या. पण ते बोलणं पोटात जाऊन बसलं.

दुपारी जेवताना त्यांनी नवऱ्यासमोर विषय काढला. रंगराव मिरचीच्या वाफ्यांना पाणी देऊन आले होते. त्यांनी घास गिळला आणि म्हणाले, "सून शिकलेली हाये. थे काय आपल्या लेकराले वंगाळ पाजीन?"

"मी सुनेवर शक घेऊन नाई राह्यली. कंपनीवर घेऊन राह्यली. मले सांगा, कोनता मालक बाईले लेकरासाठी खोली देते? कुठं पाह्यला तुमी असा मालक?"

रंगरावांनी विचार केला. असा मालक त्यांनीही पाहिला नव्हता. त्यांनी भाकरीचा दुसरा तुकडा मोडला.

मंजुळाबाईंनी पाहिलेले मालक वेगळे होते. मुलगा हर्षल चार महिन्यांचा असताना त्या दुसऱ्यांच्या वावरात निंदायला जायच्या. लेकरू सासूजवळ. अकरा वाजले की थानं दगडासारखी व्हायची, ब्लाऊज ओला व्हायचा, पदर पुढे ओढून त्या तशाच पिकाच्या ओळीत निंदत राहायच्या. बांधावर मालक उभा असायचा. बाई पाणी प्यायला उठली तरी तो घड्याळ पाहायचा. एका पावसाळ्यात डावं थान पिकलं, ताप चढला, डॉक्टरांनी चिरा दिला. त्यानंतर त्या बाजूला दूध आलंच नाही. हे त्यांनी कधी कोणाला रडून सांगितलं नव्हतं. बायकांच्या जन्मात असतंच, असं म्हणून सोडून दिलं होतं. पण त्यातून एक गोष्ट त्यांना पक्की कळली होती. काम देणारा माणूस फुकट काही देत नाही.

त्या आठवड्यात त्यांनी सुनेवर बारीक नजर ठेवली. ती किती वाजता येते, चेहरा ओढलेला दिसतो का, आल्यावर अनूला घेताना दूध भरून येतं का. येत होतं. अनू गटागटा पीत होती. बाटलीतलंही पीत होती, हे मंजुळाबाईंना जास्तच खुपत होतं. खोटं असतं तर लेकराने थुंकून टाकलं असतं. की पावडरच गोड असते?

त्यांनी एकदा आडून विचारलं, "वास काऊन येते वं साबनासारका?"

"काही जणींच्या दुधाला फ्रीजमध्ये ठेवलं की येतो, आई. शरयू मॅडमनी डॉक्टरांना विचारलं होतं. खराब नसतं."

शरयू मॅडम म्हणजे कंपनीच्या व्यवस्थापक. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्या बाईने आधीच शिकवून ठेवलेलं दिसत होतं. मंजुळाबाईंची शंका आणखी घट्ट झाली.

पुढच्या आठवड्यातल्या मंगळवारी गोष्ट हातघाईवर आली.

सकाळी प्रतीक्षा अनूला पाजून गेली. अकराच्या सुमाराला अनूने भुकेचा सूर लावला. मंजुळाबाईंनी फ्रीज उघडला. आदल्या दिवशी प्रतीक्षाने एकच मोठी बाटली आणली होती. त्यांनी ती वाटीतल्या गरम पाण्यात धरली, पुसली आणि सवयीने चिठ्ठीवर नजर टाकली. चौथीपर्यंत शिकलेल्या मंजुळाबाई अक्षरं सावकाश लावायच्या. पण 'प्र' आणि 'का' यांतला फरक ओळखायला शाळा लागत नाही. चिठ्ठीवर लिहिलं होतं, काजल.

त्यांनी पुन्हा वाचलं. काजल. सोमवार. अकरा-दहा.

हातातली बाटली त्यांनी ओट्यावर अशी ठेवली, जणू तिच्यात विंचू आहे.

काजल कोण ते त्यांना माहीत होतं. प्रतीक्षाच्या शेजारी बसणारी, रोहिणखेडची. तिलाही पाच महिन्यांचा मुलगा होता. म्हणजे त्या खोलीत कोणाचं दूध कोणाच्या घरी जात होतं, कोणालाच ठाऊक नव्हतं. कदाचित रोजच असं होत असेल. कदाचित चिठ्ठ्या नुसत्या नावाला असतील.

प्रतीक्षाचा फोन लागेना. प्रयोगशाळेत फोन बाहेर ठेवावा लागायचा. हर्षल धामणगावातल्या आपल्या मोटार दुरुस्तीच्या दुकानात नव्हता, पंप खोलायला कुठल्यातरी वावरात गेला होता. मंजुळाबाईंनी कोणाची वाट पाहिली नाही. बाटली पिशवीत, अनू कडेवर, डोक्यावर पदर. मोताळ्याकडे जाणाऱ्या अ‍ॅपेत त्या चढल्या तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, दोन सवाऱ्या आल्या की निघू."

"आत्ताच निघ," त्या म्हणाल्या. अनूने तोंड उघडून जो सूर काढला, तो ऐकून ड्रायव्हरने गाडी सुरू केली.

अर्धा तास अनू रडत राहिली. मंजुळाबाईंनी तिच्या ओठांना पाण्याचं बोटसुद्धा लावलं नाही. त्यांच्या डोक्यात मॅडमला काय बोलायचं ते शिजत होतं.

फाटकावर वॉचमन आडवा आला. "आत सोडता येत नाही. कोण पाहिजे?"

"मले आत यायचंच नाई. माही सून बाहेर बोलाव. आन् तुह्या मॅडमले बी बोलाव."

वॉचमनला फोन करावाच लागला नाही. अनूचं रडणं आत प्रयोगशाळेपर्यंत पोचलं होतं. प्रतीक्षा धावत आली, तिचा पांढरा कोट पुढून ओला झालेला होता. अजून लेकरू हातात घेतलंही नव्हतं, नुसत्या आवाजानेच. मंजुळाबाईंच्या ते लगेच ध्यानात आलं आणि क्षणभर त्यांचा राग जागचा हलला.

"काय झालं, आई? पडली का?"

"पडली नाई. भुकी हाये. आधी पाज, मग बोलू."

प्रतीक्षा तिला घेऊन त्या खोलीकडे गेली. तेवढ्यात शरयू मॅडम बाहेर आल्या. पन्नाशीच्या, केस न रंगवलेल्या, साध्या सुती साडीतल्या. त्यांनी हात जोडले. "मी शरयू. या, आत ऑफिसात बसू."

"मी बसाले नाई आली." मंजुळाबाईंनी पिशवीतून बाटली काढली. "हे वाचा. माह्या घरी काजलचं दूध कसं आलं? कोनाचं दूध कोनाले पाजता तुमी? का आतमंदी कोनाचंच दूध नसते?"

शरयू मॅडमनी चिठ्ठी वाचली. मंजुळाबाई त्यांच्या चेहऱ्यावरून नजर हटवत नव्हत्या. इथे ही बाई हसणार, पाणी मागवणार, 'तुमचा गैरसमज झाला' म्हणणार, अशी त्यांची खात्री होती. मॅडमचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, "बाळाला दिलं का यातलं?"

"नाई. मी चिठ्ठी वाचली."

"बरं झालं वाचलीत. थांबा, काजलला बोलावते."

काजल आली. तेवीस-चोवीस वर्षांची, सडपातळ. बाटली पाहताच तिने तोंडावर हात घेतला. सोमवारी संध्याकाळी निघायच्या वेळेला लाईट गेली होती. बस चुकेल म्हणून दोघींनी अंधारातच फ्रीजमध्ये हात घालून एकेक बाटली उचलली होती. बाटल्या एकसारख्या, कंपनीनेच दिलेल्या. कोणी चिठ्ठी पाहिली नाही. कंपनीत नाही आणि घरी गेल्यावरही नाही.

काजलने घरी फोन लावला. पलीकडून तिच्या सासूचा आवाज आला, सगळ्यांना ऐकू येईल एवढा मोठा. "हाव, सकाळीच पेला ना बाळ्या. अर्धी बाटली पेला. आज लय आवडीनं पेला. काऊन?"

काजलने फोन बंद केला. तेवढ्यात प्रतीक्षा अनूला खांद्यावर घेऊन आली. काजल तिच्याकडे वळली. रोज एका डब्यात जेवणाऱ्या त्या दोघी, पण काजलचा आवाज परक्यासारखा झाला होता. "प्रतीक्षा, तुह्या रक्ताचे रिपोर्ट हायेत का? गरोदरपनातले?"

"आहेत. मोबाईलमध्ये फोटो आहे."

"दाखव."

मंजुळाबाई पुढे सरसावल्या. "काऊन? माह्या सुनेच्या दुधाले काय झालं? चांगलं निर्मळ दूध हाये तिचं!" त्या बोलून गेल्या, आणि बोलल्यावर त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू आला. बारा दिवस ज्या दुधाचा त्या वास घेत होत्या, नखावर घेऊन पाहत होत्या, त्याच दुधाकडे दुसऱ्या कोणी बोट दाखवलं तर त्यांना सहन झालं नव्हतं.

"आई, तिचं बरोबर आहे," प्रतीक्षा म्हणाली आणि मोबाईल काजलच्या हातात दिला. "तिच्या जागी मीही मागितलं असतं."

शरयू मॅडमनी बुलढाण्याच्या एका बालरोगतज्ज्ञांना सगळ्यांच्या देखत फोन लावला आणि जे घडलं ते काही न झाकता सांगितलं. "चूक आमच्या व्यवस्थेची आहे," असंही सांगितलं. डॉक्टरांनी दोघींच्या तपासण्या विचारल्या, त्या ठीक होत्या. बाळाला काही होणार नाही, पण मुलावर दोन दिवस लक्ष ठेवा आणि असं पुन्हा होऊ देऊ नका, असं ते म्हणाले. काजलने मोबाईल प्रतीक्षाला परत दिला.

उरली ती मंजुळाबाईंनी आणलेली बाटली. गरम करून तास उलटला होता. मॅडम म्हणाल्या, "ही आता टाकावी लागेल." काजलने ती स्वतःच घेतली आणि बेसिनमध्ये ओतली. ओतताना तिचे डोळे भरले. प्रतीक्षाने सासूच्या कानाशी सांगितलं, "तिला कमी येतं. एवढी बाटली भरायला तिला दोन्ही वेळा बसावं लागतं."

पावडर असती तर ही पोरगी बेसिनपाशी अशी उभी राहिली नसती. मंजुळाबाईंनी आपल्या मनातली एक शंका तिथेच सोडली. पण दुसरी अजून बाकी होती. काजल बाहेर गेल्यावर त्या मॅडमच्या समोर खुर्चीत बसल्या.

"आता मले एक खरं सांगा. तुमाले काय फायदा? तुमचा मालक काही देव नाई."

"देव अजिबात नाही," शरयू मॅडम म्हणाल्या. "तेही मला हेच विचारत होते. गेल्या वर्षी प्रयोगशाळेतल्या दोन मुली बाळंतपणाला गेल्या त्या आल्याच नाहीत. लेकराला पाजायचं कधी, म्हणून. खरं रोप कोणतं आणि लंगडं कोणतं, हे ओळखायला मुलीला दोन वर्षं शिकवावं लागतं. नवीन मुलींनी चुका केल्या, माल परत आला. मी मालकांना सांगितलं, मला दिवसातून दोनदा अर्धा तास आणि ती नमुन्यांची जुनी खोली द्या, माझ्या मुली टिकतील. शिवाय कायद्यातही आईला या वेळा मिळायला पाहिजेत, ते आपण आजवर पाळलंच नव्हतं. ते म्हणाले, तीन महिने करून बघू. अजून दोन महिने उरलेत. त्यात आज हे झालं."

मंजुळाबाईंनी मान हलवली. मॅडमने पुण्य आणि माणुसकी सांगितली असती तर त्या उठून गेल्या असत्या. हे मात्र त्यांना समजलं. मुली टिकल्या पाहिजेत, माल परत येऊ नये. यात कंपनीचा मतलब उघडा दिसत होता, आणि दिसणाऱ्या मतलबाची त्यांना भीती वाटत नसे.

"तुमाले किती लेकरं?"

"एक मुलगा, शौनक. आता कॉलेजात आहे. त्याला दोनच महिने मिळालं माझं दूध. बँकेत होते तेव्हा." एवढंच बोलून त्या उठल्या. "खोली पाहायची आहे का?"

पाहायची होतीच. खोली लहान होती. एक खुर्ची, एक टेबल, पडदा, हात धुवायचं बेसिन, कोपऱ्यात फ्रीज. मंजुळाबाईंनी छताकडे पाहिलं, खिडकीच्या फटीत पाहिलं, पडदा उचलून मागची भिंत ठोकून पाहिली. कुठे काही नव्हतं. दूध काढायची दुसरी वेळ झालीच होती. प्रतीक्षाने कडी लावली, अनूला सासूकडे दिलं आणि खुर्चीत बसली. "आई, बघा एकदा तुमच्या डोळ्यांनी. म्हणजे माझीही सुटका होईल."

मंजुळाबाईंनी आधी तोंड फिरवलं. मग पाहिलं. पहिल्यांदा आलं ते निळसर, पातळ, तांदळाच्या धुवणासारखं. थोड्या वेळाने दाट होत गेलं, पिवळसर.

"असंच असते का सगळ्याईचं?"

"असंच. तुमचंही असंच असेल."

मंजुळाबाई बाटलीवर वाकल्या. दोन लेकरं त्यांनी अंगावर वाढवली होती, आणि आपलं दूध त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. एकतर लेकराच्या तोंडात गेलं, नाहीतर ब्लाऊजमध्ये जिरलं. म्हशीच्या दुधाची पारख केली तशी या दुधाची करायला त्या निघाल्या होत्या.

बाहेर पडताना पलीकडच्या शेडमध्ये पाकिटं भरणाऱ्या बायका दिसल्या. ओळीने तीस-पस्तीस, तोंडाला रुमाल बांधलेल्या. मंजुळाबाई थांबल्या. "ह्या बाया बी त्या खोलीत येतेत का?"

शरयू मॅडम अवघडल्या. "अजून नाही. त्या ठेकेदाराच्या आहेत. हजेरीवर येतात."

"म्हंजे त्यायले दूध येत नाई काय?"

"येतं," मॅडम म्हणाल्या. "ठेकेदाराशी बोलावं लागेल." त्यांनी काहीतरी बनवून सांगितलं नाही.

त्या दिवसापासून कंपनीत दोन गोष्टी बदलल्या. दोघींना वेगवेगळ्या रंगांच्या झाकणाचे डबे मिळाले, बाटली डब्यात आणि डब्याला छोटं कुलूप, किल्ली आईच्या गळ्यात. आणि मंजुळाबाईंनी मागितलं म्हणून, लेकरू घेऊन कोणी दुपारी आलं तर वॉचमनने अडवायचं नाही, असं ठरलं. धामणगावच्या बाजाराच्या दिवशी त्या अनूला घेऊन कंपनीत जायच्या, पाजून झालं की भाजी विकायला परतायच्या. तीन महिने संपले तेव्हा मालकाने खोली चालू ठेवली. काजल टिकली, प्रतीक्षा टिकली. शेडमधल्या बायकांसाठी मात्र मॅडम अजून ठेकेदाराशी भांडतच होत्या.

घरी मंजुळाबाईंनी दूध नखावर पाहायचं सोडलं. चिठ्ठी मात्र रोज वाचत राहिल्या.

पुढे मिरचीचा तोडा सुरू झाला. रंगराव आणि मंजुळाबाईंच्या वावरात पाच-सहा बाया तोडायला यायच्या. त्यात यंदा पुष्पांजली नावाची नवीन सून होती, पिंपळगाव राजा या गावाहून लग्न होऊन आलेली. हात चलाख, तोंडाने गरीब. पण रोज अकराच्या सुमाराला ती आपली पाटी खाली ठेवून तुरीच्या ओळीत शिरायची आणि पंधरा-वीस मिनिटं दिसायची नाही. पहिल्या दिवशी मंजुळाबाईंनी सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी सावलीवरून वेळ धरली. तिसऱ्या दिवशी त्यांना वाटलं, ही ओटीत मिरची भरून तिकडे लपवून ठेवत असणार आणि जाताना नेत असणार. त्या पाऊल न वाजवता मागोमाग गेल्या.

पुष्पांजली तुरीच्या आडोशाला उकिडवी बसली होती. मिरचीने झोंबणारे हात तिने बाटलीतल्या पाण्याने धुतले होते आणि ओठ दाबून ती आपलं दूध मातीत पिळत होती. मंजुळाबाईंची चाहूल लागताच ती दचकली, पदर ओढून उभी राहिली.

"येते बाई, आलीच. कमी नाई करत मी काम. जातानी भरून काढीन."

मंजुळाबाईंनी हातानेच तिला थांबवलं. आपण बांधावर उभ्या आहोत आणि ही खाली, हे त्यांना एकाएकी दिसलं. त्या दोन पावलं खाली उतरल्या.

"लेकरू केवढं हाये?"

"तीन महिन्याचं."

"कोनाजोळ ठेवते?"

"सासूजोळ."

"उद्यापासून घेऊन येजो. पान्याच्या मोटारीच्या खोलीत सावली हाये, पंखा हाये. मी झोळी बांधून ठेवते. आतून कडी लागते. दोनदा जात जा, तीनदा जात जा, पाजून ये."

पुष्पांजलीने त्यांच्याकडे पाहिलं. ती नजर मंजुळाबाईंना ओळखीची होती. त्यात आभार नव्हते. ही बाई आपल्याकडून याच्या बदल्यात काय काढून घेणार, याचा अंदाज ती घेत होती.

"काऊन बाई?" तिने हळूच विचारलं. "मले कामावरून काढाले पाहता काय?"

"नाई वं. तुहा हात चालते म्हनून. तू गेली तर मले तुह्यासारकी दुसरी कुठं भेटते?"

पुष्पांजली हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशी ती एकटीच आली. मोटारीच्या खोलीत मंजुळाबाईंनी झोळी बांधून ठेवली होती, खाली गोणपाट टाकलं होतं, औषधाच्या फवारणीचे डबे सगळे बाहेर काढून खोली धुतली होती. झोळी दिवसभर रिकामी राहिली. रंगराव म्हणाले, "तिले नसंन पायजे तर काऊन मांगं लागते?" मंजुळाबाईंनी झोळी सोडली नाही.

तिसऱ्या दिवशी बांधावरून दोघी येताना दिसल्या. पुढे पुष्पांजली, कडेवर लेकरू. मागे एक वाळकी, ताठ म्हातारी, हातात काठी. ती पुष्पांजलीची सासू. तिने मोटारीची खोली आत-बाहेर फिरून पाहिली, कडी दोनदा लावून उघडून पाहिली, झोळीची गाठ ओढून पाहिली, आणि उंबऱ्यात बसकण मारली. मंजुळाबाई जवळ गेल्या तर म्हातारी हलली नाही. काठी आडवी धरून त्यांच्याकडे रोखून पाहत राहिली.

"मी इथंच बसनार हाये," ती म्हणाली. "दिवसभर."

"बसा ना," मंजुळाबाई म्हणाल्या. "रोज येत जा."

त्यांनी आपली पाटी उचलली आणि पुष्पांजलीच्या शेजारची ओळ धरली. म्हातारीची नजर पाठीवर होती, ती त्यांना चांगली जाणवत होती. अकरा वाजता झोळीतून आवाज आला, तशी पुष्पांजलीने एकदा मंजुळाबाईंकडे पाहिलं, हात धुतले आणि पाटी तिथेच ओळीत ठेवून खोलीकडे चालू लागली.